विलेपार्ले पूर्वेला खायला-प्यायला चांगलं कुठे मिळतं? सगळं पश्चिमेलाच आहे का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग नसता तर मी लिहायला बसलोच नसतो. 'पूर्वेला नुकतेच राहायला आलोय, जवळपासची ठिकाणं सांगा' इथपर्यंत ठीक होतं, कोणीतरी यादी दिली असती. पण 'सगळं पश्चिमेलाच आहे असं ऐकलंय' हे तुम्हाला सांगितलं कोणी? हे वाक्य मी गेली पंचवीसेक वर्षं एकाच माणसाच्या तोंडून ऐकत आलोय, ते म्हणजे आमचे भावोजी. त्यांच्याकडूनच ऐकलं असेल तर तेवढं कळवा.

भावोजी इर्ल्याचे, म्हणजे रुळांच्या पलीकडचे. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, "लांब कुठे देतोय, पूल ओलांडला की घर." लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी दोघं जेवायला आले. जेवणं आटोपल्यावर भावोजी म्हणाले, "चला, पान खाऊ, काहीतरी थंड घेऊ." आम्ही खाली उतरलो. दुपारचे अडीच वाजलेले. एकूणएक शटर खाली. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं निवांत आडवं झालेलं, त्यालाही उठवायला कोणी नाही. वारा कारखान्याच्या बाजूने येत होता. भावोजींनी चारी दिशांना बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "काय रे, तुमच्या पूर्वेला मिळतं तरी काय? नुसता बिस्किटांचा वास!"

कारखाना म्हणजे पार्ले-जीचा. 1929 साली सुरू झालेला, आधी गोळ्या-पेपरमिंटं बनायची, बिस्किटं मागाहून आली. स्टेशनावर उतरलं की डोळे मिटूनही कळायचं, पार्लं आलं. 2016 साली तो बंद पडला. बातमी आली त्या दिवशी मला पहिला फोन कोणाचा आला असेल? "अरे, आता तर वाससुद्धा गेला!"

त्यांचा घोटाळा कुठे झाला ते सांगतो, म्हणजे तुमचा होणार नाही. ते कायम रविवारी दुपारी आले. पार्ले पूर्वेत 'कुठे' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही, 'किती वाजता' असं विचारायचं. इथला जुना दुकानदार एक ते चार वामकुक्षी घेतो. त्या वेळात तुम्ही हिऱ्या-मोत्यांनी पाकीट भरून आलात तरी तो कूस बदलणार नाही. पश्चिमेला कॉलेजं आहेत, हॉस्पिटल आहे, तिथे चोवीस तास कोणी ना कोणी भुकेलेलं असतं, म्हणून तिथे कधीही काहीही मिळतं. पूर्वेला लोक घरी जेवतात आणि मधल्या वेळेला बाहेर खातात. ती वेळ साधली की पूर्वेसारखी जागा नाही.

वड्याचंच घ्या. स्टेशनजवळच्या बाबूचं नाव तुम्हाला कोणीही सांगेल, तिथे जाच. पण जाऊन गप्प उभे राहा. आधी परातीत रचलेले वडे तो पुढे करेल, ते घेऊ नका. झारा कढईत फिरत असेल तर दोन मिनिटं थांबा आणि त्या घाण्यातला घ्या. बेसनाचं आवरण चिमटीत दाबल्यावर कुरकुरलं पाहिजे, आत बटाटा वाफाळता पाहिजे आणि चटणी सुकी, लसणाची. पावावर हिरवी आणि गोड चटणी थापून घेणाऱ्यांशी माझं वैर नाही, पण त्यांच्या मतावर मी ठिकाण निवडत नाही. हाच नियम कुठल्याही गाडीला लावा. साडेचार-पाचचा पहिला घाणा आणि रात्री नऊचा शेवटचा घाणा, तेल तेच, कढई तीच, वडा मात्र एकमेकाला ओळख दाखवणार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही इथे राहायला आलाय, फिरायला नाही. तेव्हा तुम्हाला हॉटेलापेक्षा जास्त उपयोगी पडेल ते पोळी-भाजी केंद्र. पार्ल्यात अशी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, बऱ्याच ठिकाणी पाटीसुद्धा नसते. तळमजल्याच्या खिडकीला जाळी, जाळीला एक चौकोन कापलेला, आणि आतून पोळपाटाचा आवाज. आमच्या शेजारच्या इमारतीत एका काकूंचं असं केंद्र आहे आणि भावोजींचा खटला मी तिथेच जिंकलाय. ते मान्य करत नाहीत, पण तुम्हीच ऐका.

26 जुलै 2005. सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. कुलाब्याला त्याच चोवीस तासांत शंभर मिलिमीटरही पडला नव्हता, त्यामुळे तिकडच्यांना रात्रीपर्यंत काही पत्ताच नव्हता. भावोजींचं ऑफिस तेव्हा वांद्र्याला. लोकल बंद, बस बंद, म्हणून ते हायवेने चालत निघाले. कलानगर, वाकोला, मग विमानतळाचा नाका. रात्री साडेदहाला आमच्या दारात उभे राहिले ते बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चष्मा गेलेला. पूल ओलांडला की घर, पण इर्ल्याच्या नाल्याचं पाणी रस्त्यावर कमरेएवढं चढलं होतं. ताईचा फोन लागत नव्हता. वीज दुपारीच गेली होती.

आणि आमचा गॅस त्याच संध्याकाळी संपलेला. आईने दुसरा सिलिंडर लावायला घेतला तर तो गळका निघाला. घरात मेणबत्ती, भिजलेला जावई आणि खायला म्हणून शेवेचा अर्धा डबा. आईचा चेहरा मला अजून आठवतो. पावसाचं तिला काही वाटत नव्हतं, जावयापुढे शेव कशी ठेवायची याचं वाटत होतं.

मी छत्री घेऊन खाली गेलो. काकूंच्या खिडकीत कंदील होता. त्यांनी नेहमीप्रमाणे दुपारी तीनपासून संध्याकाळच्या ऑर्डरच्या पोळ्या लाटल्या होत्या, आणि न्यायला कोणीच आलं नव्हतं. ज्यांच्या पोळ्या होत्या ते सगळे कुठे ना कुठे पाण्यात अडकलेले. शंभराच्या वर घडीच्या पोळ्या, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेल्या, तीन मोठ्या डब्यांत. भाजी आंबेल म्हणून ती त्यांनी आधीच वाटून टाकली होती आणि आता मोठ्या कढईत पिठलं घोटत होत्या. खिडकीसमोर दहा-पंधरा माणसं उभी, त्यातली निम्मी अनोळखी, हायवेवरून आत वळलेली. काकू कोणालाही पैसे विचारत नव्हत्या, 'किती' एवढंच विचारत होत्या. मी म्हटलं, तीन माणसं. त्यांनी बारा पोळ्या दिल्या आणि वाटीभर पिठलं, वर लसणाच्या चटणीची पुडी. एकाने नोट पुढे केली तर म्हणाल्या, "सुट्टे शोधायला उजेड आहे का? उद्या द्या."

भावोजींनी सात पोळ्या खाल्ल्या. मी मोजल्या. मेणबत्तीच्या उजेडात मोजल्या, पण मोजल्या.

पुढे आमच्या मुलाच्या मुंजीत विषय निघाला. पंगतीत सगळ्यांच्या देखत मी विचारलं, "काय भावोजी, पूर्वेला खायला मिळतं की नाही?" तर म्हणाले, "अरे, त्या दिवशी दगड वाढला असता तरी खाल्ला असता. भूक होती ती, चव नव्हे." लोक हसले. माझी बाजू तेव्हा नीट मांडता आली नाही, ती इथे मांडतो. 27 तारखेच्या सकाळी भावोजी झोपून उठले. पोट भरलेलं. गाड्या बंद, दूध आलेलं नव्हतं, शेजारणीने दिलेल्या बिनदुधाच्या चहात पार्ले-जी बुडवून खाल्लं. म्हणजे भूक नव्हती. तरी हे गृहस्थ कोणाला न सांगता खाली गेले आणि काकूंनी उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी केली होती ती दोन वेळा मागून खाऊन आले. वर कढीलिंबाची पानं बाजूला काढणारा हा माणूस, पानांसकट खाऊन आला. हे मला काकूंनीच सांगितलं. भूक होती म्हणे!

असो. यादी हवी असेल तर थोडक्यात देतो. मासे खायचे तर हनुमान रोडचं गजाली, आता त्याच्या शाखा कुठे कुठे आहेत, पण मूळ इथलं. बोंबील फ्राय मागवा. श्रावणात गेलात तर जागा पटकन मिळते आणि ओळखीचं कोणी दिसलं तर दोघांनीही बघितलं नाही असं करायचं असतं. सकाळचा नाश्ता स्टेशनजवळच्या कुठल्याही जुन्या उडप्याकडे, पण साडेनवाच्या आत, सांबार ताजं असतं तोवर. 'अस्सल मराठमोळं' अशी पाटी आणि भिंतीवर नऊवारीतल्या बाईचं चित्र असलं की मी आत जात नाही. अशाच एका ठिकाणी (नाव सांगत नाही) आईला वाढदिवसाला घेऊन गेलो होतो, थालीपिठावर लोणी म्हणून फ्रीजमधल्या पिवळ्या बटरची वडी आली, तीही न वितळता तशीच बसलेली. आईने ती चमच्याने उचलून बाजूला ठेवली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

चतुर्थीचे उकडीचे मोदक हवे असतील तर निदान आठवडाभर आधी सांगून ठेवा, आदल्या दिवशी विचारायला गेलात तर लोक तुमच्याकडे दयेने बघतील. दिवाळीच्या फराळाचंही तेच.

आता प्रामाणिकपणे काही कबूल करायला हवं, नाहीतर खाली कोणीतरी येऊन भांडेल. ज्यूस प्यायचा तर पश्चिमेलाच, कूपर हॉस्पिटलसमोर अमर ज्यूस सेंटर. रात्री उशिरा भूक लागली तरी तिथेच जा, पूर्वेला तोवर मच्छरदाणी लागलेली असते. मिठीबाई कॉलेजच्या बाहेर आनंदच्या गाडीवरचा डोसाही चांगला, लोणी सढळ हाताने घालतात. आइस्क्रीमसाठी थोडं पुढे जुहूला नॅचरल्स. 1984 साली ते तिथेच सुरू झालं, तेव्हा जोडीला पावभाजीही विकायचे. नुसत्या आइस्क्रीमला गिऱ्हाईक मिळेल याची मालकालाच खात्री नव्हती. हे सगळं मी भावोजींना कधी बोलून दाखवलेलं नाही आणि तुम्हीही दाखवू नका. 'प्यायला' म्हणजे तुम्हाला दुसरं काही म्हणायचं असेल, तर देशी विमानतळाच्या बाजूला हॉटेलं आहेत, खिसा बघून जा.

आणि मी म्हटलं त्या वामकुक्षीचंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. जुन्या इमारती पडल्या, नव्या आल्या, खाली काचेची दुकानं आली, त्यातली काही दुपारीही उघडी असतात. पण तिथे खाण्यासारखं काय असतं ते मला विचारू नका.

पोळ्यांचं मात्र लक्षात ठेवा: सकाळी अकराच्या आत फोन करायचा. आता काकूंची सून सगळं बघते. फोनवर बोलताना मध्येच ती म्हणेल, "थांबा, विमान जातंय," तर थांबा, फोन ठेवू नका. किती पोळ्या, साध्या की तूप लावून, किती वाजता येणार, एवढं सांगितलं की झालं. सात ते साडेसात रांग असते, आठनंतर काही उरत नाही.

भावोजींची इर्ल्याची इमारत गेल्या वर्षी पुनर्विकासाला गेली. बिल्डर भाडं देतो, त्यामुळे नवी होईपर्यंत ते दोघं भाड्याने राहतायत. आमच्याच गल्लीत. पहिल्या आठवड्यातच त्यांचा फोन आला, "अरे, ती पोळीवाली माझा आवाज ऐकला की 'संपल्या' म्हणते. सकाळी दहाला कशा काय संपतात?" आता मुंजीच्या पुरणपोळ्या काकूंच्याच होत्या आणि दगडाचं वाक्य बोलले तेव्हा काकू वाढायला उभ्या होत्या, हे त्यांना अजून माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही. तर सध्या त्यांच्या पोळ्या मी माझ्या नावावर सांगतो. काल दहा सांगितल्या.

सून म्हणाली, "काका, तुमच्याकडे माणसं तीन, पोळ्या दहा?"

म्हटलं, पाहुणे आलेत.

मध्ये विमान गेलं. ते गेल्यावर ती म्हणाली, "इर्ल्याचे का?"