पिस्तुलाचे बिल आणि ‘स्वतःची बँक’

प्रश्न: ह्यूस्टनजवळ राहतो. वय ३८, ग्रीन कार्ड आहे, पगार वर्षाला १,०५,००० डॉलर. घरासाठी पिस्तूल, छोटी तिजोरी आणि सरावासाठी ९ एमएमच्या २,००० गोळ्या घ्यायच्या आहेत. खर्च साधारण २,५०० डॉलर. ही खरेदी बँकेला किंवा कार्ड कंपनीला कळू नये असे वाटते. मंडळातल्या ओळखीच्या एजंटकडून आययूएल पॉलिसी (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेला, बचतीसह आयुर्विमा) घेतली आहे. ३० महिने दरमहा ७०० डॉलर भरतोय. ते म्हणतात, ‘ही तुमची स्वतःची बँक, इथे कुणी विचारत नाही.’ तिच्यातून लोन काढून रोख पैसे द्यावेत का? (त्यांच्या सांगण्यावरून ४०१ के, म्हणजे पगारातून होणारी निवृत्तीची बचत, थांबवले आहे. त्यात कंपनी पगाराच्या ४ टक्क्यांइतकी भर घालते. पॉलिसीचे स्टेटमेंट जोडतो.)

उत्तर: लोन काढू नका. कार्डाने घ्या आणि महिन्याअखेरीस पूर्ण बिल भरा.

कार्ड कंपनीला दिसते ते दुकानाचे नाव, रक्कम आणि दुकानाचा प्रकार सांगणारा चार आकडी कोड. बंदुकांच्या दुकानांसाठी ५७२३ हा वेगळा कोड सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. कॅलिफोर्नियाने तो कायद्याने सक्तीचा केला. तुमच्या टेक्सासने २०२३ मध्ये उलटा कायदा करून त्यावर बंदी आणली. आणि कोड असला तरी तो दुकानाचा असतो, वस्तूचा नव्हे. ६०० डॉलरचे पिस्तूल आणि ६०० डॉलरची तिजोरी त्यात सारखीच दिसते.

रोख दिल्याने मुख्य नोंद टळतही नाही. परवानाधारक दुकानात फॉर्म ४४७३ भरावाच लागतो: नाव, पत्ता, जन्मतारीख, ग्रीन कार्डावरचा नंबर. तो फॉर्म दुकानदार धंदा बंद होईपर्यंत जपतो. पार्श्वभूमी तपासणीत मंजुरी मिळाली की तिथली तुमची ओळख २४ तासांत पुसली जाते. फॉर्म मात्र राहतो. गोळ्यांसाठी टेक्सासमध्ये असा फॉर्म नाही. (एच-१बीवर असलेल्यांनी हे वाचून दुकानात जाऊ नये. शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर त्यांना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणे हाच केंद्रीय गुन्हा आहे, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्याने स्वतःच्या नावावर घेणे हाही.)

शिवाय पॉलिसीचे लोन येणार तुमच्याच बँक खात्यात, तिथूनच तुम्ही रोकड काढणार. २,५०० डॉलर काढल्याने काही बिघडत नाही. १०,००० च्या वर रोख काढली तर बँक सरकारला कळवते. पण तो अहवाल चुकवण्यासाठी मोठी रक्कम तुकड्यांत काढणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, पैसे कितीही स्वच्छ असोत. माहिती प्रत्यक्षात गळते ती दुकानाच्या लॉयल्टी कार्डातून, बिलासाठी दिलेल्या फोन नंबरातून, वॉरंटी कार्डाच्या मागच्या ‘तुमचे छंद’ प्रश्नावलीतून. ते देऊ नका. बँकेच्या प्रायव्हसी नोटिशीत माहिती इतरांना न देण्याचा जो पर्याय असतो, तो नोंदवा.

आता स्टेटमेंटकडे या. दुसऱ्या पानावर दोन आकडे एकाखाली एक आहेत. अ‍ॅक्युम्युलेशन व्हॅल्यू (पॉलिसीत जमा दाखवलेली रक्कम) १५,२००. त्याखाली सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडली तर मिळणारी रक्कम) ४,८००. एजंटने बोट ठेवले असेल ते वरच्या आकड्यावर. तुमचा आहे तो खालचा. भरले २१,०००, आज हातात येतील ४,८००. त्यातून २,५०० लोन काढले तर मागे २,३०० उरतात, लोनवर व्याज चढते, आणि विम्याचा खर्च दर महिन्याला कापला जातोच. एकदा नोकरी गेली आणि चार-सहा हप्ते चुकले की पॉलिसी लॅप्स व्हायला (बंद पडायला) आली म्हणून समजा. जिथून आपलेच पैसे आपल्याला व्याजाने घ्यावे लागतात, तिला बँक म्हणणे ही फसवणूक आहे.

‘बाजार पडला तरी तोटा नाही’ हे अशा पॉलिसी विकतानाचे वाक्यही अर्धेच. निर्देशांक पडला तर शून्य टक्के जमा होतात, पण खर्च कापलाच जातो. वाढला तर कॅपपर्यंतच (ठरलेल्या कमाल टक्क्यांपर्यंतच) मिळते, आणि त्यात लाभांश धरलेला नसतो. वय वाढेल तसा विम्याचा दर चढतो. यातून दरसाल ८ टक्के करमुक्त मिळतील अशी आशा धरू नका.

सर्वांत महाग पडले ते ४०१ के थांबवणे. तुमची कंपनी पगाराच्या ४ टक्क्यांइतकी भर घालते असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे वर्षाला ४,२००. अडीच वर्षांत साडेदहा हजार डॉलर तुम्ही टेबलावरून उचललेच नाहीत. ते परत मिळणार नाहीत.

म्हणून याच आठवड्यात एचआर पोर्टलवर ४ टक्के सुरू करा. महिन्याला तुमचे ३५०, कंपनीचे ३५०: पहिल्याच दिवशी दुप्पट. मग २० वर्षांच्या, १० लाख डॉलरच्या टर्म विम्यासाठी (ठरावीक मुदतीचा, बचत नसलेला विमा) अर्ज करा. तब्येत चांगली असेल, सिगारेट नसेल तर महिन्याला ५०-६० डॉलर पुरतात. तुमच्या आययूएलचे कव्हर याच्या निम्मे आहे. उरलेले तीनेकशे रॉथ आयआरएमध्ये (स्वतः उघडायच्या निवृत्ती खात्यात), साध्या इंडेक्स फंडात. टर्म पॉलिसी चालू झाल्याचे पत्र हातात आल्याशिवाय आययूएल सरेंडर करू नका. मधल्या काळात तब्येतीत काही निघाले तर दोन्ही जातील.

एजंट म्हणतील, ‘दहा वर्षे थांबा, सरेंडर चार्ज (पॉलिसी मोडल्यास कापली जाणारी रक्कम) शून्य होईल.’ त्या दहा वर्षांत तुम्ही आणखी ८४,००० डॉलर भरलेले असतील. त्यांच्याकडे आजच्या तारखेचे इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीचा पुढच्या वर्षांचा आकडेवार अंदाज) लेखी मागा आणि त्यातला फक्त ‘गॅरंटीड’ रकाना वाचा.