ई-कोलाय शून्य, मग जिआर्डिया आला कुठून?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही वारज्यात राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलाला दोन आठवडे जुलाब, पोट फुगलेलं, शेवटी शी तपासली तर जिआर्डिया निघाला. लगेच सोसायटीच्या टाकीचं पाणी लॅबला दिलं, रिपोर्ट आला पिण्यायोग्य, ई-कोलाय शून्य. आजारी पडायच्या दहाएक दिवस आधी खडकवासल्याला गेलो होतो, तिथे तो काठाला पाण्यात खेळला. मग हे आलं कुठून? आणि धाकटीला पण तपासू का?
– एक वाचक, वारजे

उत्तर: आधी मुलाचं, औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नका आणि जुलाब पूर्ण थांबेपर्यंत त्याला स्विमिंग टँकवर पाठवू नका.

आता रिपोर्टचं. लॅबचं काही चुकलं नाही, पण ई-कोलाय हा बॅक्टेरिया, क्लोरिन लागलं की पटकन मरतो. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे एकपेशीय परजीवी, विष्ठेतून पडतात तेच कवच घालून, त्याला सिस्ट म्हणतात, आणि थंड पाण्यात ते कित्येक आठवडे टिकतात. क्रिप्टो तर स्विमिंग टँकच्या क्लोरिनमध्येसुद्धा आठवडाभर तग धरतो! त्यामुळे ई-कोलाय नाही म्हणजे हेही नाहीत असं कृपा करून धरू नका. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोने साधारण 4 लाख लोक आजारी पडले, आणि ते पाणी प्रक्रिया केलेलं होतं.

याची टेस्टच वेगळी असते. ई-कोलायला 100 मिली पाणी पुरतं, इथे 10 लिटर गाळावं लागतं, मग अँटिबॉडी लावलेल्या चुंबकी मण्यांनी सिस्ट वेचायच्या, चमकणारा रंग लावायचा आणि मायक्रोस्कोपखाली एकेक मोजायची, क्रिप्टोची सिस्ट जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या आयएस 10500 मध्येही, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, 10 लिटरमध्ये हे दोन्ही नसावेत असं लिहिलंय, पण सोसायट्या जे साधं पॅकेज घेतात त्यात ही टेस्ट सहसा नसते. आणि नदी-तलावाचं पाणी गढूळ असलं की गाळाबरोबर बऱ्याच सिस्ट निसटतात, म्हणून एकदा शून्य आलं त्यावर विसंबून चालत नाही. अमेरिकेत मोठ्या शहरांना कच्च्या, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या पाण्याची ही टेस्ट दर महिन्याला, सलग 24 महिने करायला लावली होती. मला विचाराल तर आपल्याकडे पहिल्या जोरदार पावसानंतरचा नमुना सगळ्यात महत्त्वाचा, कारण गोठ्यातलं शेण, उघड्यावरची घाण, सांडपाणी सगळं तेव्हाच धुऊन धरणात येतं, आणि वासरांच्या शेणात क्रिप्टो भरपूर असतो. एप्रिलमध्ये नितळ पाणी भरून नेलं तर यातलं काय दिसणार?

तुमच्या मुलाचं म्हणाल तर लागण झाल्यावर त्रास सुरू व्हायला एक ते तीन आठवडे जातात, म्हणजे खडकवासल्याचा हिशोब जुळतो, खेळताना घोट पोटात जातोच आणि दहाएक सिस्टही पुरतात. पण शाळेत मुलांच्या हातातूनही येऊ शकतं, खात्रीने सांगता येणार नाही. घरात तोवर पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, त्यात दोन्ही मरतात.

धाकटीला पोटाचा त्रास असेल तर तपासाच, फक्त एका नमुन्यावर थांबू नका, सिस्ट रोज पडत नाहीत, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांची शी द्या.