आईचा विसर आणि डोळ्याचा पडदा

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ असून तिला १६ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसू लागल्याचे सांगितले. अलीकडे सकाळची गोळी घेतली की नाही, हेही तिला आठवत नाही. डोळ्यांच्या तपासणीवरून स्मृतिभ्रंशाचा धोका कळतो, हे खरे आहे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : धोक्याचा काहीसा अंदाज येतो, निदान होत नाही. गर्भात डोळ्याचा पडदा मेंदूच्याच भागापासून तयार होतो आणि दोन्हींकडच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची घडण बरीचशी सारखी असते. त्यामुळे वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना फुगवटे आले असतील, त्या झिरपू लागल्या असतील, तर मेंदूतल्या रक्तवाहिन्याही सुखरूप असतील असे गृहीत धरता येत नाही. टाइप २ मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो आणि पडद्यावर परिणाम झालेल्यांमध्ये तो आणखी वाढलेला आढळतो.

बार्सिलोनाच्या वाल द'हेब्रॉन संस्थेतील संशोधकांनी यासाठी मायक्रोपेरिमेट्री ही तपासणी वापरून पाहिली आहे. तीत रुग्णाने एका बिंदूवर नजर रोखायची असते आणि ती किती स्थिर राहते याची यंत्र नोंद घेते. नजर खिळवून ठेवण्याचे काम एकट्या डोळ्याचे नसून मेंदूचेही असल्याने नजरेची अस्थिरता सूचक ठरते. तरीही केवळ या यंत्राच्या शोधात दवाखाने पालथे घालू नयेत, असे माझे मत आहे.

कारण आपल्या आईंच्या बाबतीत विसर प्रत्यक्ष दिसतोच आहे. डोळ्यांचा अहवाल घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि स्मरणशक्तीची चाचणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ चालू असल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते; ते आणि थायरॉइड तपासावे, कारण या दोन्हींमुळे होणारा विसर उपचारांनी सुधारू शकतो. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी चालू असेल तर विसरून दुसऱ्यांदा घेतलेला डोस घातक ठरू शकतो, म्हणून औषधे तूर्त आपण स्वतःच द्यावीत.

पडद्याची तपासणी वर्षातून किमान एकदा करतात. परिणाम दिसू लागल्यावर पुढची तारीख डॉक्टरांनाच विचारावी. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, तेव्हा त्या दिवशी आईंना एकट्याने रिक्षाने परत पाठवू नये.