पेपेहामध्ये सह्याद्री सांगायचा का?

तुमचा प्रश्न असा आहे: न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला नोकरी लागली आहे, पहिल्याच आठवड्यात ऑफिसने मराएवर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या सभास्थानी, 'पोफिरी' म्हणजे स्वागताचा विधी ठेवली आहे आणि स्वतःचा 'पेपेहा', म्हणजे माओरी रीतीने स्वतःची ओळख, तयार करून यायला सांगितलं आहे. त्यात डोंगर आणि नदी सांगतात, तर सह्याद्री आणि मुळा-मुठा चालेल का? आणि इंग्रजांच्या जुन्या वसाहतीत सगळं माओरी रीतीने का चालतं, हा देखावा तर नाही ना?

आधी डोंगराचं. इंटरनेटवर पेपेहाचा तयार साचा मिळतो: "को अमुक ते माउंगा, को तमुक ते आवा", म्हणजे अमुक डोंगर, तमुक नदी. नवे लोक त्यात घराच्या खिडकीतून दिसणारी टेकडी भरतात, आणि चूक होते ती इथेच. माओरी माणूस डोंगराचं नाव घेतो तेव्हा तो आपला पत्ता सांगत नसतो, वंश सांगत असतो. तारानाकी डोंगर हा तिथल्या लोकांचा पूर्वज आहे. फांगानुई नदीकाठचे लोक म्हणतात, "को आउ ते आवा, को ते आवा को आउ": मी नदी आहे आणि नदी मी आहे. 2017 साली संसदेने कायदा करून त्या नदीला व्यक्तीचा दर्जा दिला, 2025 मध्ये तारानाकी डोंगरालाही दिला. तिथला एखादा डोंगर 'आपला' म्हणून सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या कुळात परस्पर नाव घालण्यासारखं आहे.

सह्याद्रीने कुणाचं काही हिरावलं जात नाही, आणि काही शिक्षक तसं चालवूनही घेतात. पण साचा तोच राहतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जेजुरीची वारी आहे त्यांना गडाशी असलेलं नातं ठाऊक असतं. नुसता नकाशावरचा सह्याद्री सांगण्यात ते नातं येत नाही. माझ्या मते सरळ हे म्हणा:

तेना कोउतोउ कातोआ. (सर्वांना नमस्कार.)
नो ईनिया ओकु तीपुना. (माझे पूर्वज भारतातले.)
इ तिपु आके आउ कि पुणे. (मी पुण्यात लहानाची मोठी झाले, किंवा लहानाचा मोठा झालो.)
ए नोहो आना आउ कि पोनेके. (आता वेलिंग्टनला राहते, किंवा राहतो.)
को … तोकु इंगोआ. (माझं नाव …)
नो रेइरा, तेना कोउतोउ, तेना कोउतोउ, तेना कोउतोउ कातोआ.

एवढं पुरे. मराठी जिभेला हे इंग्रजी जिभेपेक्षा सोपं जातं. त, प, क हवा न सोडता म्हणायचे, र आपलाच. रोमन लिपीत 'डब्ल्यू-एच' दिसलं की बहुतेक ठिकाणी फोनमधला फ. 'एन-जी' म्हणजे आपला ङ. वर्णमालेत शिकून बाजूला ठेवलेलं हे अक्षर इथे शब्दाच्या सुरुवातीलाही येतं, जसं ङाती तोआ या जमातीच्या नावात. त्यात ग मिसळू देऊ नका (वर 'इंगोआ' लिहिलं ते सोयीसाठी, उच्चार 'इङोआ'). स्वरावर आडवी रेघ असेल तर तो लांबवायचा. 'केके' म्हणजे केक, दोन्ही ए लांबवले की काख.

आता देखाव्याचं. 6 फेब्रुवारी 1840 रोजी वाइतांगी इथे ब्रिटिश राणीचा प्रतिनिधी विल्यम हॉब्सन आणि माओरी प्रमुख यांच्यात करार झाला. इंग्रजी मसुद्यात प्रमुखांनी राणीला संपूर्ण सार्वभौमत्व दिलं. माओरी मसुद्यात, जो हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने मुलाच्या मदतीने एका रात्रीत तयार केला, त्यांनी दिला तो 'कावानातांगा', म्हणजे 'गव्हर्नर'वरून बनवलेला कारभार या अर्थाचा शब्द. आणि आपल्या जमिनी, गावं, 'ताओंगा' म्हणजे जपायचा ठेवा, यांवर 'तिनो रांगातिरातांगा', म्हणजे प्रमुखपणाचा पूर्ण अधिकार, त्यांच्याचकडे राहिला. पाचशेहून जास्त प्रमुखांच्या सह्या झाल्या, बहुतेक माओरी मसुद्यावर. आजचा जवळपास प्रत्येक वाद या दोन कागदांमधल्या फटीतून निघतो.

पुढे काय झालं ते करारात बसणारं नव्हतं. 1863 च्या कायद्याने बंडखोर ठरवलेल्यांच्या जमिनी जप्त झाल्या, एकट्या वाइकातो भागात सुमारे 12 लाख एकर. शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांना छड्या बसल्या. भाषा परत आली ती सरकारच्या कृपेने नव्हे. 1972 साली 30,000 हून जास्त सह्यांचा अर्ज संसदेत गेला. 1975 मध्ये 79 वर्षांच्या फिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत जमिनीसाठी मोर्चा निघाला. 1982 मध्ये आजी-आजोबांनी लहानग्यांना फक्त माओरीत वाढवायची बालवाडी, 'कोहांगा रेओ' म्हणजे भाषेचं घरटं, सुरू झाली, आणि 1987 मध्ये माओरी अधिकृत भाषा ठरली. तरीही 1999 च्या रग्बी विश्वचषकात लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर गायिका हिनेवेही मोही यांनी राष्ट्रगीत फक्त माओरीत गायलं तेव्हा देशात गदारोळ उठला. आज तेच गीत आधी माओरीत, मग इंग्रजीत म्हणायची रीत पडली आहे. 2022 पासून मातारिकी, म्हणजे आपल्या कृत्तिका नक्षत्राचा उदय, ही सार्वजनिक सुट्टी आहे.

देखावा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. जाहिरातींत हाका, म्हणजे पाय आपटत, घोष करत केला जाणारा माओरी समूहनाच, वाटेल तसा वापरला गेला. 'का माते' या हाकाचे कर्ते 'ते राउपाराहा' नावाचे माओरी प्रमुख आणि त्याचे जपणारे ङाती तोआ, हे कायद्यात यायला 2014 उजाडलं. भांडणही संपलेलं नाही. कराराची तत्त्वं नव्याने ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध नोव्हेंबर 2024 मध्ये हजारो लोक चालत संसदेवर गेले, आणि एप्रिल 2025 मध्ये ते विधेयक 112 विरुद्ध 11 मतांनी पडलं. नुसत्या देखाव्यासाठी माणसं इतकं चालत नाहीत. तुमच्यापुरता मुद्दा असा की करारामुळे इथे राहायचा हक्क ज्यांना मिळाला त्यांना 'तांगाता तिरिती' म्हणतात, आणि त्यांत तुम्हीही येता. जागा अशी रीतसर मिळाली आहे, म्हणून डोंगर उसना घ्यायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष पोफिरी. तुम्ही 'मानुहिरी', म्हणजे पाहुणे. यजमान 'तांगाता फेनुआ', म्हणजे त्या भूमीचे लोक. बोलावल्याशिवाय फाटकातून आत पाऊल टाकू नका, फोटोपुरतंही नाही. आतून एका बाईची लांब हाक येते, ती 'कारांगा'. तुमच्या बाजूची बाई उत्तर देते आणि मगच सगळे हळूहळू, एकत्र चालू लागतात, बहुतेक वेळा बायका पुढे. मध्ये थांबतात ते दोन्हीकडच्या मृतांसाठी. तेव्हा मान खाली, कुजबुज नाही. सभागृहात जाताना चपला बाहेर. पुढच्या रांगेत बोलणारे बसतात, बऱ्याच ठिकाणी फक्त पुरुष, म्हणून मोकळी खुर्ची दिसली तरी कुठे बसायचं ते विचारा. प्रत्येक भाषणामागून गाणं म्हणावं लागतं. ऑफिसने एखादं 'वाइआता' ठरवलं असेल तर ते पाठ करून जा, कारण आपला वक्ता उभा असताना मागची माणसं गप्प राहिली तर त्याचीच मान खाली जाते. शेवटचा पाहुणा वक्ता 'कोहा', म्हणजे पैशांचं पाकीट, जमिनीवर ठेवतो. तेही बहुधा ऑफिसकडूनच असतं, पण आधी विचारून घ्या.

मग होंगी. उजवा हात हातात, नाक आणि कपाळ हलकेच टेकवायचं, क्षणभर थांबायचं. नाक घासायचं नाही, गालाकडे वळायचं नाही. दोघांचा श्वास एक होतो, हा त्याचा अर्थ. सर्दी असेल तर नुसता हात पुढे करा, कुणाला वाईट वाटत नाही.

शेवटी जेवण, आणि ते टाळून निघू नका: अन्नाने सोवळं सुटतं आणि तुम्ही पाहुणे राहत नाही. टेबलावर किंवा उशीवर बसायचं नाही, कुणाचे पाय ओलांडायचे नाहीत, भांडी पुसायचं फडकं कपड्यांसोबत धुवायला टाकायचं नाही. सोवळं-ओवळं पाहिलेल्या घरात हे समजावावं लागत नाही. शाकाहारी असाल तर चार-पाच दिवस आधी कळवा. 'हांगी' म्हणजे जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर शिजवलेलं जेवण. मांस आणि रताळी एकाच वाफेत शिजतात, आणि खड्डा एकदा मातीने झाकला की त्यातून काही वेगळं काढता येत नाही.