वाचकांचे प्रश्न : मोटारीशिवाय पोर्ट अँजेलिस

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत सिॲटलला असतो. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या पायथ्याशी समुद्रकाठी वसलेले पोर्ट अँजेलिस पाहण्याची फार इच्छा आहे. परंतु मुलाला रजा मिळणे कठीण आहे आणि आम्हांला तिकडे गाडी चालवता येणार नाही. मोटारीशिवाय जाण्यात अर्थ नाही, असे मुलगा म्हणतो. आम्ही दोघेही पासष्टी ओलांडलेले आहोत. काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : चिरंजीवांचे म्हणणे निम्मेच खरे आहे. संपूर्ण उद्यान मोटारीशिवाय पाहून होत नाही. पण जेमतेम वीस हजार वस्तीचे हे शहर, त्याच्या माथ्यावरची हरिकेन रिज ही डोंगरधार आणि पश्चिमेकडचे लेक क्रेसेंट हे सरोवर एवढे आपण दोघे बसने निश्चित पाहू शकाल. अट एकच : आधी बसचे वेळापत्रक पाहावे आणि मगच मुक्कामाची जागा ठरवावी.

सिॲटलच्या धक्क्यावरून बेनब्रिज बेटाकडे जाणारी फेरीबोट साधारण ३५ मिनिटांत पलीकडे पोहोचते. पायी चढणाऱ्यांकडून भाडे जातानाच घेतले जाते, येताना नाही, आणि पासष्टीच्या पुढच्यांना ते निम्मे पडते. बोटीतून उतरल्यावर तिथेच क्लॅलम ट्रान्झिट या स्थानिक बससंस्थेची १२३ क्रमांकाची ‘स्ट्रेट शॉट’ बस मिळते, जी सुमारे दोन तासांत पोर्ट अँजेलिसच्या गेटवे बसस्थानकावर सोडते. दिवसातून तिच्या फेऱ्या मोजक्याच असल्यामुळे सकाळची एक चुकली की दिवसाचा बेतच कोलमडतो. २०२४ पासून या संस्थेच्या स्थानिक बसमधला प्रवास विनामूल्य झाला असला, तरी स्ट्रेट शॉटला तिकीट लागते. म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

वाटेतल्या हूड कॅनाल पुलाची मात्र जाणीव ठेवावी. १९६१ मध्ये खुला झालेला हा पूल पाण्यावर तरंगतो आणि १९७९ च्या वादळात त्याचा पश्चिमेकडचा निम्मा भाग बुडाला होता. जहाजे आणि नौदलाच्या पाणबुड्या जाऊ देण्यासाठी तो मधूनच उघडतात आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंची वाहने थांबून राहतात. म्हणून परतीच्या दिवशीच विमान गाठण्याचा बेत करू नये. सामान जड असेल, तर थेट विमानतळापर्यंत जाणारी ‘डंजनेस लाइन’ ही बस अधिक सोयीची आहे.

हरिकेन रिजची उंची १,५९८ मीटर, म्हणजे आपल्या पावागडाच्या जवळजवळ दुप्पट. समुद्रसपाटीपासून २७-२८ किलोमीटरच्या रस्त्यात एवढी चढण होते. उन्हाळ्यात शहरातून वर जाणारी शटल बस असते. तिचे त्या वर्षीचे दिवस आणि वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. खरे तर या रस्त्यावर मोटारवाल्यांचीच अधिक पंचाईत होते, कारण वरचा वाहनतळ भरला की त्यांना खालच्या नाक्यावर ताटकळावे लागते. वरचे विश्रामगृह मे २०२३ मध्ये आगीत भस्मसात झाले आहे. तेव्हा दशम्या-चटणी, पाणी आणि उबदार कपडे सोबत हवेतच. ऑगस्टमध्येही तिथला वारा बोचतो. उद्यानाचे प्रवेशशुल्क माणशी १५ डॉलर असून ते सात दिवस चालते. ज्येष्ठांचा सवलतीचा पास मात्र अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळतो.

पश्चिमेच्या फोर्क्स गावाकडे जाणारी १४ क्रमांकाची बस लेक क्रेसेंटच्या काठाने जाते. चालकाच्या मागे न बसता उजव्या बाजूची खिडकी धरावी, कारण सरोवर त्याच अंगाला पसरलेले आहे. उतरण्यापूर्वी परतीच्या बसची वेळ चालकाला विचारून घ्यावी. रविवारी फेऱ्या फार कमी असतात, त्यामुळे मुक्काम सोमवार ते गुरुवार असा ठेवणे उत्तम. उद्यानातले होहचे वर्षारण्य मात्र या खेपेस सोडून द्यावे. तिथवर सार्वजनिक बस जात नाही आणि तेवढ्यासाठी खाजगी गाडी ठरवणे मला तरी अवाजवी वाटते. चिरंजीवांना एखादा शनिवार-रविवार मोकळा मिळालाच, तर तो होहसाठी राखून ठेवावा.

प्रश्न : पोर्ट अँजेलिसहून कॅनडातले व्हिक्टोरिया एका दिवसात पाहून येता येते, असे ऐकले. आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे. तेवढा पुरेल का?
— एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : पुरणार नाही. भारतीय पारपत्र असणाऱ्यांना कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा लागतो आणि तो वडोदऱ्याहून निघण्यापूर्वीच काढलेला बरा. अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही तपासावे. अन्यथा परत येताना अडचण होऊ शकते. कागदपत्रे चोख असतील, तर हा प्रवास अतिशय सुखाचा आहे. १९५९ पासून चालणारी ‘कोहो’ ही बोट सुमारे दीड तासात सामुद्रधुनी ओलांडून थेट व्हिक्टोरिया शहराच्या मध्यभागी नेते, त्यामुळे पलीकडेही वाहनाची गरज पडत नाही. पोर्ट अँजेलिसचा धक्का गेटवे बसस्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे. जानेवारीत दुरुस्तीसाठी ही बोट बंद ठेवतात. त्या महिन्यात जाणार असाल, तर तारखा आधी पाहाव्यात.