बाय, परचेस, प्रोक्युअर, ऑब्टेन, अक्वायर: कुठे कोणतं लिहावं?

कृषी केंद्रातून बियाण्याची थैली आणली तर 'बाय'च लिहा; घेणं-मिळवणं सांगणाऱ्या या पाच इंग्रजी क्रियापदांपैकी रोजच्या बोलण्यातलं तेच. 'परचेस'चा अर्थ तोच, पण तो बिलावरचा शब्द. 'प्रोक्युअर'मध्ये खटपट आणि व्यवस्था येते. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) हमीभावाने कापूस घेते तेव्हा केंद्र उघडणं, ओलावा तपासणं, मोजमाप हे सगळं त्यात धरलेलं असतं, म्हणून सरकारी कागदावर 'प्रोक्युअरमेंट' दिसतं. 'ऑब्टेन'ला पैशाची अट नाही; तलाठ्याकडून सातबारा रीतसर मिळवला की ऑब्टेन. 'अक्वायर' म्हणजे मालकी किंवा ताबा येणं, शिकून कौशल्य मिळवलं तरी तेच. सरकारी धरणात वावर गेलं तर मात्र 'बाय' अजिबात लिहू नका, 'अक्वायर' लिहा. खरेदीला दोघांची मर्जी लागते, भूसंपादनात मालकाची लागत नाही; 1894 आणि 2013 या दोन्ही भूसंपादन कायद्यांच्या इंग्रजी नावात 'अक्विझिशन' ('अक्वायर'चं नाम) आहे. एवढं सांभाळा: माणसाबद्दल 'प्रोक्युअर' नको. मजुरांसाठी 'हायर' लिहा, कारण 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात देहविक्रीसाठी माणूस मिळवण्याच्या गुन्ह्याला हाच शब्द आहे.