आधी बाकावर बसू दे, कागद मागून येतील

प्रश्न : ताई, माझी बहीण गेली आणि भाऊजी तुरुंगात आहेत. भाचा १२ वर्षांचा, सातवीत. सात महिने बालगृहात होता, आता बाल कल्याण समितीने (निराधार मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) त्याला माझ्याकडे दिलाय. दोन वर्षांत ही तिसरी शाळा. नवीन शाळा म्हणते आधी दाखला आणा मग बघू, पहिली शाळा म्हणते तो मधे बालगृहाच्या जवळच्या शाळेत गेला तर त्यांच्याकडे मागा, आणि ते तर फोनच उचलत नाहीत. तीन आठवडे झाले, पोरगं घरी बसून आहे. गणितात एवढा हुशार होता, आता वही उघडत नाही. काय करू? — एक मावशी, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, पत्र वाचून आधी राग आला, तुमच्यावर नाही हो, त्या "मग बघू"वर. उद्याच शाळेत जा, पण नुसतं तोंडी बोलून परत येऊ नका. समितीच्या ऑर्डरची झेरॉक्स लावून प्रवेशाचा अर्ज द्या, दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. अर्जात सरळ लिहा की शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून अडवलं तर कलम १४, वर्षाच्या मधे आलाय म्हणून अडवलं तर कलम १५. दाखला लांबवणाऱ्या जुन्या मुख्याध्यापकांवरही कलम ५ मधेच कारवाईची तरतूद आहे. एक मात्र लक्षात ठेवा, कलम ५ चा हा बदलीचा हक्क सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत चालतो, विनाअनुदानित खाजगी शाळेत नाही. विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नाव ट्रान्स्फर करायचं काम शाळा-शाळांनी आपसात करायचं, त्यासाठी मुलाने घरी बसायचं कारण नाही. एवढं करून ऐकलं नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, आणि सोबत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पण एक प्रत द्या.

पण त्याआधी एक विचारते, तिसरी शाळा खरंच हवीये का? पहिली शाळा एसटीने जाण्यासारखी असेल तर मी तिथेच परत पाठवा म्हणेन, तास गेला प्रवासात तरी चालेल. तिथले मित्र, एखादी बाई जी त्याला नावाने हाक मारते, आई होती तेव्हापासून ओळखीचं तेवढंच तर उरलंय त्याच्याकडे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने हे पक्कं केलं, मूल दुसऱ्या घरी ठेवलं तरी शक्यतो त्याच शाळेत राहील आणि हलवायचंच असेल तर नव्या शाळेत लगेच बसेल. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात शाळेबद्दल इतकं थेट नाही लिहिलेलं, पण मुलाचं हित सर्वात आधी हे तत्त्व आहे आणि प्रत्येक मुलाचा वेगळा केअर प्लॅन, म्हणजे संगोपनाचा लेखी आराखडा, करायचा असतो. त्या प्लॅनमधे शाळेचं नाव लिहून घ्या. समितीला अर्ज करून मागा, मागितल्याशिवाय ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता गणित. मी काही वर्षं दर शनिवारी एका बालगृहात शिकवायला जायचे, तिथे एक मुलगी होती, अपूर्णांकांची बेरीज आली की खाली मान घालून बसायची. एकदा शेजारी बसून बघितलं तर तिला छेद म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, कारण आधीच्या शाळेत ती सेमी इंग्रजीला होती आणि तिथे ते डिनॉमिनेटर होतं! बेरीज तिला येत होती, शब्द येत नव्हता, आणि सगळे म्हणत होते हिचं लक्ष नाही. तुमच्या भाच्याच्या आधीच्या दोन्ही शाळांच्या वह्या असतील तर शेजारी शेजारी उघडून बघा, कुठे कुठला धडा अर्धा राहिला ते दिसेल. ते वर्गशिक्षकांना दाखवा. मागे पडलेल्या मुलाला गरजेप्रमाणे जादा शिकवणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मधे आहे, उपकार नाहीत ते.

आणि हो, बालसंगोपन योजनेचा अर्ज केलाय का? महिन्याला २२५० रुपये मिळतात, जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, दहावीला. भांडणात त्याचं नाव आलं, बाल न्याय मंडळासमोर केस चालू आहे, जामिनावर घरी आहे. मुख्याध्यापक म्हणतात दाखला घेऊन जा आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसव. वर्गात सगळ्यांना कळलंय. — एक वडील, सोलापूर

उत्तर : दादा, दाखला मागू नका आणि कुठल्याच कोऱ्या अर्जावर सही करू नका. तुम्ही स्वतः सही करून दाखला घेतलात की शाळा म्हणणार पालकांनीच काढून नेलं. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच, त्यामुळे तुमचा रस्ता मंडळातून जातो. तिथल्या परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) भेटा, मुलगा नियमित शाळेत जावा आणि परीक्षेला बसावा असा आदेश मागा. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मंडळ शाळेत जायचा आदेश देऊ शकतं आणि चौकशी चालू असताना पण ही विनंती करायला काही हरकत नाही. मुख्याध्यापकांना शांतपणे सांगा की त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाचं नाव, शाळा, ओळख पेपरात वगैरे छापणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मुलाला सांगा, पोलिस रेकॉर्डची भीती घालतात ना त्याला, तर बाल न्याय कायद्यात कलम २४ आहे, त्याच्या वयाच्या मुलाला या केसमुळे पुढे कुठे अपात्र ठरवता येत नाही. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या, वकिलाच्या नको.

बोर्डाच्या फॉर्मची शेवटची तारीख आजच शाळेतून लिहून आणा आणि बाल न्याय मंडळाच्या अर्जात पहिल्याच ओळीत ती तारीख टाका.